कडुनिंबाखालचा थर्मास

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मस्कतला वहिनीचं ऑपरेशन झालं. रुग्णाजवळ एकालाच थांबायची परवानगी, म्हणून दादा आत आणि मी बाहेर. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी हवा अंगाला चिकटत होती. समोर पाहुण्यांसाठी मांडून ठेवल्यासारखं हिरवंगार लॉन. मधोमध कारंजं, कडेनं चौकोनी कापलेली झुडपं, वर स्टेडियमसारखे दिवे. त्यावर एकही माणूस नव्हता. माणसं होती ती पार्किंगच्या कोपऱ्यात, एका कडुनिंबाखाली. चटया, थर्मास, खजुराचे डबे, आईच्या मांडीवर झोपलेली पोरं.

असं का, ते पाच मिनिटांत कळलं. लॉनवर रात्री पाणी सोडतात, त्यामुळे बसलं की भिजलंच. दिवे थेट डोळ्यांवर. आणि मुख्य म्हणजे तिथून रुग्णालयाचं दार दिसत नाही. कडुनिंबाखालून दिसतं. शिवाय कुणीतरी त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा घातला होता. आपल्याकडे वडा-पिंपळाला पार असतो, तसाच. फक्त देव नाही.

या स्तंभात मी इमारतींबद्दल लिहिते, आवारांबद्दल फारसं लिहिलेलं नाही. पण आखातात आवारालाही आता महत्त्व आलंय. ओमानच्या दक्षिणेला, सलालाहमध्ये, मोठी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नगरी उभारायचा बेत २०१० नंतरच्या काही वर्षांत जाहीर झाला होता: रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण आणि बरं होऊ घातलेल्यांसाठी विश्रामस्थान, सगळं एकत्र. असल्या आराखड्यांत हल्ली प्रत्येक बागेला विषय नेमून दिलेला असतो. ही सुगंधाची, ही स्पर्शाची, ही ध्यानाची, ही औषधी वनस्पतींची. स्नेहसंमेलनात प्रत्येक वर्गाला एकेक नाच वाटून द्यावा, तसं.

अशा बागांच्या बाजूनं नेहमी रॉजर उलरिच यांचा अभ्यास पुढे केला जातो. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी आठ दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना पावणेनऊच्या आसपास लागले. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्याच्यावर उभे केलेले मनोरे मोठे. पण मला त्यातला वेगळाच तपशील आवडतो. उलरिचनी फक्त मे ते ऑक्टोबर एवढ्याच काळातले रुग्ण घेतले, कारण बाकीच्या महिन्यांत तिथल्या झाडांना पानंच नसतात. म्हणजे त्यांनी ऋतू हिशेबात धरला होता. बागा आखणारे नेमकं तेच विसरतात.

ओमानचा ऋतू काय सांगतो? जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथं कायद्यानंच बंदी आहे. ज्या वेळी माळ्यालाही बागेत उभं करता येत नाही, त्या वेळी टाके ओले असलेला माणूस तिथं ध्यान करणार आहे का? मस्कतला वर्षाकाठी पाऊस पडतो तो शंभर मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत कधीकधी तेवढा एका दुपारीच पडतो. अशा जागी लॉन म्हणजे रोजच्या रोज पाण्याचं सलाइन लावलेला पेशंट.

सलालाहची गोष्ट निराळी. तिथं जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत खरीफ असतो. हो, आपल्या पेरणीचाच शब्द. डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं, आणि आखातभरची कुटुंबं येऊन भुरभुर पावसात चटया टाकून बसतात. एकेकाळी हीच हौस भागवायला अरब मंडळी पावसाळ्यात मुंबई गाठायची.

खरं तर बाग कशी करायची हे ओमानला बाहेरून शिकायची गरजच नाही. डोंगराच्या पोटातलं पाणी उतारानं गावापर्यंत आणणारे फलज तिथं अजून तीन हजारांच्या घरात वाहते आहेत. त्यांतल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीला, मग आंघोळी-धुण्याला आणि शेवटी शेताला. पाळ्या वेळेवर मोजायच्या; दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. आणि त्या पाण्यावरची बाग तीन मजली: वर खजूर, मधे लिंबू-केळी-आंबा, खाली लसूणघास. गुहागरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माडाखाली पोफळ, पोफळीखाली केळ, मधून खळखळणारा पाट. वाडी ती वाडीच. भर उन्हात तिथं शिरलं की अंग आपोआप सैल पडतं, हे कुठल्याही संशोधनाआधी आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं.

सोहारमध्ये जन्मलेल्या अल-अझदी या वैद्यानं अकराव्या शतकात वैद्यकाचा अकारविल्हे कोश रचला. त्याचं नाव ‘किताब अल-मा’, म्हणजे पाण्याचं पुस्तक. त्यातली पहिलीच नोंद पाण्यावर आहे, म्हणून हे नाव. रुग्णालयाच्या आवारात एक उथळ, वाहता पाट घालायला ओमानी माणसाला याहून मोठा दाखला कशाला हवा?

झाडांचंही तेच. तिथला ‘गाफ’ म्हणजे आपली शमी. ‘सिद्र’ ही बोरीची बहीण. तिच्या पाल्यानं केस धुतात. दक्षिणेकडच्या, सलालाहच्या ढोफार प्रांतातल्या उघड्या खडकांवर वाढणारं लोबानचं झाड आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या गोत्यातलं. त्याचे चांगले खडे रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी पोटासाठी पितात. मस्कतजवळ अल खूदला सुलतान काबूस विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय आहे, आणि त्याच भागात देशातल्या साऱ्या देशी वनस्पती एकत्र लावायचा संकल्प सोडलेलं ओमान बोटॅनिक गार्डन. औषधी बागेसाठी रोपं आणायला लांब जायला नको.

पण ही सगळी झाडं लावली तरी माझा प्रश्न उरतोच: बाग कुणासाठी? आराखड्यातल्या चित्रात व्हीलचेअरवर हसणारा रुग्ण असतो, मागे नर्स. प्रत्यक्षात ऑपरेशन झालेला माणूस पलंगावर असतो आणि आवारात असतो तो वाट पाहणारा. परळच्या फूटपाथवर कॅन्सरच्या रुग्णांचे नातलग स्टोव्ह मांडून राहतात, त्यांना कुठल्या विषयाची बाग देणार? त्यांना लागते सावली, नळ, पाठ टेकायला कट्टा आणि नाव पुकारलं तर ऐकू येईल एवढं अंतर. सुगंध नंतर.

त्या रात्री कडुनिंबाखालच्या एका म्हाताऱ्या बाईनं मला हातानं बोलावून शेजारी बसवलं. तिची सून आत होती, पहिलटकरीण. अरबीतले चार शब्द मला येत होते, तिला दोन हिंदी. तिनं खजूर पुढे केला आणि इवल्याशा कपात वेलचीचा काहवा ओतला. संपला की पुन्हा ओतला. नको असेल तर रिकामा कप हलवायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या कपाला तिनंच हसत माझं मनगट धरून हलवून दाखवलं. तेवढ्यात दार उघडलं आणि कट्ट्यावरचे आम्ही सगळेच उठून उभे राहिलो.