एक जूनचे वाढदिवस

आज १ जून. आज महाराष्ट्रात जितक्या लोकांचा वाढदिवस आहे, तितक्यांचा वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी नसेल. शाळामास्तर, तलाठी, एस. टी.चे कंडक्टर, कोर्टातले शिपाई, साखर कारखान्यातले कामगार आणि आमच्यासारखे वकील, सगळे आज एकदम वर्षाने वाढले! हा निसर्गाचा चमत्कार नव्हे. एवढी लेकरे एकाच दिवशी त्यांच्या आयांनी जन्माला घातली नाहीत, ती गुरुजींनी घातली.

जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराचा दंड धरून यायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, 'मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली', नाहीतर 'धाकट्या भावाचं लगीन झालं त्या उन्हाळ्यात'. एवढ्यावर रजिस्टरचा रकाना भरत नाही. मग पोराला सहा वर्षे पुरी झालेली दिसावीत असा हिशेब करून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारतुऱ्यांची जी गर्दी उडते ती याच कारणाने. पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियमच आहे.

ज्यांच्या घरी पंचांग होते त्यांच्या जन्माची घटका आणि पळेसुद्धा लिहून ठेवलेली असत. आमच्या वस्तीत पत्रिका मांडायला भटजी येत नव्हता (ते बरेच झाले), पण सरकारही येत नव्हते. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. रजिस्टर ग्रामपंचायतीत होते, ग्रामपंचायत गावात होती आणि आम्ही गावकुसाबाहेर होतो. तिथे जाऊन 'आमच्या घरी पोरगा झाला, लिहून घ्या' असे सांगायची हिंमत त्या काळी कितीजणांना होती, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

तर कागदोपत्री आज आम्ही ४८ वर्षांचे झालो. जन्मतारीख १ जून १९७७. आमची आई मात्र हे मान्य करीत नाही. तिचा पुरावा वेगळा आहे आणि आमच्या वकिली मतानुसार तो अधिक भक्कम आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना हाल करून मारले गेले. गावोगाव घरे जाळली गेली. आमची वस्ती जळाली नाही, पण जळणार अशी आवई उठली आणि भरल्या दिवसांची आमची आई दोन रात्री ज्वारीच्या वावरात लपून बसली. पाऊस चालू होता. पुढे पंधरा-वीस दिवसांनी, पोळा आठ दिवसांवर आला असताना, आमचा जन्म झाला. म्हणजे गुरुजींनी आम्हाला सव्वा वर्ष आधीच जन्माला घातले! कागदाप्रमाणे दंगलीच्या वेळी आम्ही चालते-बोलते होतो. आईप्रमाणे आम्ही तिच्या पोटात होतो आणि तिच्याबरोबर भिजत होतो.

ही तारीख दुरुस्त करून घ्यावी असे आम्हाला कधी वाटले नाही. १९९३ साली दहावीच्या प्रमाणपत्रावर ती छापून आली, सनदेवर चढली, पासपोर्टवरही गेली. गुरुजींवर आमचा रागही नाही. त्यांनी वर्ष वाढवले नसते तर आम्ही त्या जूनमध्ये शाळेत गेलो नसतो, आणि पुढच्या जूनपर्यंत कदाचित कुणाच्या तरी गुरांमागे लागलो असतो. आज सरकार ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. १९०० साली त्या तारखेला साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव रजिस्टरात चढले होते. आमच्या माणसांचा शाळेतला जन्म हाच खरा जन्म, असे कुणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही.

पण कोर्ट वाद घालते. आणि आजच्या दिवशी आम्हाला जे लिहायचे आहे ते इथून पुढे आहे. ते लिहायला आम्ही दहा वर्षे टाळाटाळ केली.

एक मुलगी होती. ऊसतोड कामगाराची, उसाच्या फडावर जन्मलेली. तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा ती सतरा वर्षांचीही नव्हती, असे तिचे आईवडील सांगत होते. २०१२ चा पोक्सो कायदा लागू झाला होता. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र आले आणि सरकारी वकिलांना मदत करण्यासाठी आम्ही वडिलांच्या वतीने वकीलपत्र दाखल केले. आरोपीचा बचाव साधा होता. मुलगी सज्ञान आहे आणि सगळे तिच्या संमतीने झाले. म्हणजे सगळा खटला तिच्या जन्मतारखेवर येऊन ठेपला. अशा वेळी शाळेची नोंद आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद बघावी, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी करावी, असा क्रम कायद्याने लावून दिलेला आहे. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. जो जन्म फडावर होतो तो कुठल्या गावच्या रजिस्टरात जाणार? ज्या गावचा ऊस त्या गावाला त्याचे देणेघेणे नाही, आणि जे गाव आपले तिथे परतेपर्यंत लेकरू पाच महिन्यांचे झालेले असते.

शाळेची नोंद होती. तारीख अर्थातच १ जून.

मुख्याध्यापक रजिस्टर घेऊन साक्षीला उभे राहिले. आरोपीच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला. ही तारीख कशाच्या आधारावर लिहिली? मुख्याध्यापक म्हणाले, सांगता येणार नाही, माझ्या आधीच्या गुरुजींनी लिहिलेली आहे. संपले. वय कशावरून लिहिले याचा आधार समोर नसेल तर शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीला पुरावा म्हणून किंमत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिराडमल सिंघवी यांच्या खटल्यात १९८८ सालीच म्हणून ठेवले आहे. वैद्यकीय अहवालात दोन वर्षे इकडे, दोन वर्षे तिकडे. शंकेचा फायदा आरोपीला. निर्दोष!

आता आमचा गुन्हा. मुलीच्या आईने आम्हाला सांगितले होते की फडावर नर्सबाई आली होती, तिने लेकराला डोस पाजला होता आणि वहीत काहीतरी लिहून घेतले होते. ती वही शोधायचे आम्ही कबूल केले होते. कारखान्याचा भाग आमच्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर. आमच्या हातात दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत आम्ही काय करीत होतो? चळवळीतल्या एका नेत्याचा वाढदिवस जवळ आला होता आणि आम्ही त्या गौरव समितीचे चिटणीस होतो. वर्गणी, गाड्या, स्टेज, मानपत्राचा मजकूर, पहिल्या रांगेत कुणाला बसवायचे याची भांडणे. मानपत्र आम्हीच लिहिले. चांगले झाले होते असे लोक म्हणत. 'वही बघून येतो' हे रोज उद्यावर गेले आणि साक्षीच्या आदल्या रात्री आम्ही हार-शालींच्या पिशव्या घेऊन घरी परतलो.

निकालानंतर आम्ही त्या उपकेंद्रात गेलो. वही होती! कपाटाच्या खालच्या कप्प्यात, वाळवी लागलेली, पण होती. आईचे नाव, टोळीच्या मुकादमाचे नाव, जन्माची तारीख. त्या हिशेबाने घटनेच्या दिवशी मुलगी सोळा वर्षे आणि काही महिन्यांची होती. अपील करू, जादा पुरावा द्यायला परवानगी मागू, असे सांगायला आम्ही तिच्या घरी गेलो. तिचे लग्न लावून देऊन झाले होते. वडील म्हणाले, 'वकीलसाहेब, आता नको. तुमचं काय चुकलं? आमचीच लेक फडावर जन्मली.'

त्या माणसाने आम्हाला दोष दिला असता तर बरे झाले असते.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात बाबासाहेबांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला भाषण केले. जयंतीच्या व्यासपीठावरून त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. थोर माणसाचा आदर करणे वेगळे आणि आपली बुद्धी त्याच्या पायाशी गहाण ठेवणे वेगळे, असा त्यांचा सांगण्याचा आशय होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतही राजकारणातल्या भक्तीविषयी त्यांनी देशाला इशारा दिला. ही दोन्ही भाषणे आम्हाला तोंडपाठ होती. अभ्यासवर्गात आम्ही ती शिकवत होतो. मानपत्र लिहिताना मात्र त्यातला एक शब्द आम्हाला आडवा आला नाही. आम्हाला कुणी फसवले नव्हते, स्टेजवर बसायला आम्हालाच आवडत होते, हेही इथे नमूद केलेले बरे.

आणि यंदा काय झाले? काल रात्री आमच्या वस्तीतल्या पोरांनी कमानीजवळ आमचेच डिजिटल लावले! दहा बाय पंधरा. वर बुद्ध, बाबासाहेब आणि रमाई छोट्या आकारात, मधोमध आम्ही काळ्या कोटात, खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडे. 'दीनदुबळ्यांचा आधारवड'. १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायचा तर तो आमच्याच फोटोखाली आमच्यावर झाला असता. रात्रीच आम्ही ते उतरवायला सांगितले. पोरे नाराज झाली. केकची ऑर्डर गेली होती. एकाने तर विचारले, 'साहेब, प्रस्थापितांचे लागतात तेव्हा चालतात, आपल्या माणसाचे का नको?' प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ज्याला शंभर पिढ्या कुणी नावाने हाक मारली नाही त्याला आपल्या माणसाचे नाव मोठ्या अक्षरांत बघावेसे वाटते, हे आम्हाला समजते. म्हणून आम्ही पोरांवर चिडलो नाही. डिजिटलला किती खर्च आला तेवढे विचारले. त्यांनी सांगितले नाही.

मग त्याच पोराला आम्ही विचारले, तुझ्या मुलीचा जन्मदाखला आहे का? मुलगी सात महिन्यांची आहे. तो घरी जाऊन कागद घेऊन आला. सरकारी दवाखान्यातली नोंद, तारीख, वेळ, आईबापाची नावे, सगळे बरोबर. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. नाव बारशालाच ठरले होते, सारे तिला त्याच नावाने हाक मारतात, पण ते नोंदवायला कुणी गेले नाही. पहिल्या वर्षात हे काम फुकट होते. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललेला आहे. त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. आणखी चार-पाच वर्षांनी ही लेकरे पहिलीच्या दारात उभी राहतील तेव्हा १ जून लिहून सोय लावणारा कुणी गुरुजी तिथे नसेल. ज्यांची नोंद वर्षभरात झाली नाही त्यांना दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागेल, आणि तो कसा मिळतो हे आम्ही रोज बघतो.

आमच्या वस्तीत पाच वर्षांखालची किती लेकरे आहेत, हे काल रात्री तिथे उभ्या असलेल्या कुणालाही सांगता आले नाही. आम्हालाही नाही. डिजिटलवरच्या चाळीस शुभेच्छुकांना आम्ही सकाळी घरोघर पाठवले आहे. कुणाचा दाखला आहे, कुणाचा नाही, कुणाचा जन्म फडावर, कुणाचा वीटभट्टीवर, सगळे वहीत लिहून आणायचे. नर्सबाईचे, मुकादमाचे नावही लिहायचे. दुपारपर्यंत अकरा घरे झाली आहेत. केक आला आहे, तो पोरेच खातील.

आई सकाळपासून हसते आहे. तिच्या मते आमचा वाढदिवस पोळ्याच्या आधी आहे आणि पुरणपोळी तेव्हाच मिळेल. आज रविवार, कचेरी बंद. उद्या अकरा वाजता त्या सात महिन्यांच्या मुलीचे नाव चढवायला नगरपालिकेत जायचे आहे.