घराला पण मशागत लागते



भात, भाजीपाला, वापसा यावर इथं नेहमी लिहितो. आज घरावर लिहितोय. विषय शेताबाहेरचा वाटेल, पण शेतातून चार पैसे आले की ते शेवटी जातात कुठं ते बघा. घरात जातात, आणि चुकीच्या जागी जातात. म्हणून लिहावं लागतंय.

आमच्या कल्याण तालुक्यात आणि तिकडं मुरबाड-शहापुरात एक समज घट्ट बसलाय. कौलं म्हणजे गरिबी, स्लॅब म्हणजे प्रगती. मुलाचं लग्न जमवायचं तर पाहुणे आधी छपराकडं बघतात. हायवेच्या नाहीतर कसल्या जमिनीचा मोबदला आला की पहिला घण आजोबांच्या घरावर पडतो. चार पावसाळे जातात, स्लॅब झिरपायला लागतो, आणि मग त्याच्यावर लोखंडी अँगल उभे करून निळा पत्रा चढतो. टिटवाळ्यापासून सरळगावपर्यंत जाताना नुसतं मोजत जा, किती बंगल्यांच्या डोक्यावर पत्रा आहे. छप्पर गळलं म्हणून छपरावर छप्पर घातलं, आणि याला आपण पक्कं घर म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घर कौलाचं आहे का स्लॅबचं, यावर ते पक्कं ठरत नाही. दरवर्षी त्याच्यावरून हात फिरतो का नाही, यावर ठरतं. शेत एक वर्ष नांगरलं नाही तर काय होतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. घराला मात्र एकदा बांधलं की पन्नास वर्षं बघायला नको, असं आपण धरून चालतो. हे खूळ आपल्या डोक्यात घातलं कोणी? ज्याला नवीन बांधण्यात पैसे मिळतात त्यानं. "काका, कौलं किती दिवस सांभाळणार?" असं विचारणारा ठेकेदार "स्लॅब किती दिवस सांभाळणार?" हे कधी विचारतो का? दुरुस्तीत कमिशन सुटत नाही, म्हणून दुरुस्ती कोणी शिकवत नाही.

सरकार पण त्यातलंच. 2011 ला सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षण झालं. त्यात हातानं घडवलेली कौलं कच्च्या छपरात धरली, यंत्रावर पाडलेली कौलं पक्क्यात धरली, आणि पत्रा सुद्धा पक्क्यात. मातीची भिंत कच्ची. आता सांगा, एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली कोण बसेल आणि नळ्याच्या कौलांखाली कोण बसेल? बाळंतीण कुठं ठेवाल? बियाण्याची कणगी कुठं ठेवाल? कागद करणाऱ्याला हे प्रश्न पडले नाहीत. पुढं घरकुलाच्या याद्या याच सर्वेक्षणावरून निघाल्या. घरकुलाला अनुदान मिळतं, पण ते नवीन बांधायला. जुन्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेलाही थोडा हिस्सा होता. 2016 ला प्रधानमंत्री आवास ग्रामीण आली आणि पैसा सगळा नव्या बांधकामाला लागला. म्हणजे आढं मोडलेल्या कातकरी दादाला चार वासे आणि पाचशे कौलं हवी असतील तर त्याला काही नाही. सगळं पाडून 25 चौरस मीटरचा डबा बांधायला तयार असेल तर अनुदान. वर पडतात ते उसने काढायचे, आणि ते फेडायला बायकापोरं घेऊन वीटभट्टीवर बयाण्यात अडकायचं. ज्या विटा पाडायच्या त्या पण आपल्याच शेतातल्या वरच्या थराच्या. कृषी विभागातले साहेब इथं वाचतात त्यांना विचारतो, तो थर परत यायला किती पिढ्या लागतात?

स्लॅब वाईट असं मी म्हणत नाही. नीट घातला आणि नीट राखला तर चांगलाच. पण आपल्याकडं घालतात कसा? पूर्वी खाडीची रेती न धुता वापरली. त्यातलं मीठ सळईला लागलं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट खपल्यांनी सोडते. सळईखाली कव्हर ठेवत नाहीत. भर मे महिन्यात स्लॅब टाकतात आणि तीन दिवस पाणी मारून मोकळे होतात. उतार नसतो, पाणी कोपऱ्यात साचतं. आणि मग वर्षानुवर्षं गच्चीवर कोणी चढत पण नाही.

शहरात काय होतंय ते डोळ्यासमोर आहे. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याला इमारत कोसळली, 74 माणसं गेली. 20 मे 2025 ला कल्याण पूर्वेला चौथ्या मजल्याचा स्लॅब खाली आला, सहा जणांचा जीव गेला. वरच्या घरात फरशीचं काम चालू होतं. डोंबिवलीकडच्या 65 इमारतींनी तर महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद लावून रेराचे नंबर मिळवले, आणि 2024 च्या नोव्हेंबरात हायकोर्टानं त्या पाडायला सांगितलं. त्यात राहणाऱ्यांनी काय गुन्हा केला? सगळी घरं काँक्रीटची होती, कागदावर पक्की होती. आमच्या 27 गावांचं पण तसंच. 1983 ला महापालिकेत घातली, 2002 ला बाहेर काढली, 2015 ला परत आत घेतली. गाव कोणाचं याचा घोळ मंत्रालयात चालू राहू दे, पावसाच्या आधी घराचं बघायचं काम आपलंच आहे.

आता कामाचं बोलू. आगोटीची कामं आपले वडीलधारे मे महिन्यात करायचे, कारण पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा. ते गणित आता मोडलंय. 2025 ला मान्सून 26 मे ला मुंबईत पोचला. नेहमीची तारीख 11 जून. त्याच्या आधीपासून अवकाळी चालूच होता. ज्यांनी कौलं मे अखेरीवर ठेवली त्यांची उघडी छपरं भिजली, पेंढा भिजला, सरपण भिजलं. राबाच्या जमिनीला वापसा मिळाला नाही ते वेगळंच. म्हणून छपराचं काम एप्रिल संपायच्या आत उरकायचं. माझ्या घरात हा क्रम आहे:

1. छप्पर. होळी झाली की कौलं चाळायला घ्या. पाला, चिमण्यांची घरटी, शेवाळ झाडून काढा. एक फुटलं कौल रिपेवर पाणी सोडतं, रीप कुजते, मग वासा जातो. कौलावर मध्येच पाय देऊ नका, वाशाच्या रेषेवर फळी टाकून चाला. कोन्यांचा चुना-सिमेंट निघाला असेल तर भरून घ्या. शंभरेक जुनी कौलं पडवीच्या कडेला रचून ठेवा. जुन्या मापाचं कौल वेळेवर मिळत नाही, म्हणून शेजारी कोणी घर पाडत असेल तर आधी कौलं मागून घ्या.

2. लाकूड. घराघरात गॅस आला, चांगलं झालं, बायकांचे डोळे आणि छाती वाचली. पण चुलीचा धूर माळ्यावरच्या लाकडाला किडीपासून राखत होता, ते काम आता कोणीतरी करायला पाहिजे. वर्षातून एकदा खांब, तुळई ठोकून बघा, पोकळ आवाज आला की समजा. बाहेरच्या लाकडाला तेलाचा हात द्या. वाळवीची मातीची वाट दिसली की ती नुसती झाडू नका, ती जोत्यातून वर येते. क्लोरपायरीफॉस 20 टक्केवालं एक लिटर औषध 19 लिटर पाण्यात करून जोत्याच्या कडेनं चर मारून ओतायचं. हातमोजे घाला, लेबल वाचा, आणि विहिरीजवळ हे अजिबात करू नका.

3. पागोळ्या आणि जोतं. भिंत वरून कमी आणि खालून जास्त खराब होते. पागोळ्यांचं पाणी जोत्याजवळ पडू देऊ नका. पन्हळ लावा, नाहीतर दगडगोट्यांचा चर काढून पाणी उताराला न्या. पश्चिमेच्या भिंतीला झड लागते, तिथं झापं नाहीतर जुनं प्लास्टिक बांधा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पोपडा धरतो.

4. स्लॅबवाले. गच्ची झाडा, पाइपाचं तोंड मोकळं करा, बादलीभर पाणी ओतून उतार बघा. भेगा उन्हाळ्यात भरा, पावसात भरून उपयोग नाही. छतातून गंजाचा तांबडा डाग किंवा खपली दिसली तर रंग मारून झाकू नका, जाणत्या माणसाला दाखवा. वर पत्रा असेल तर जे बोल्ट दरवर्षी आवळा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अलिबागकडं छपरं कशी उडाली ते बघितलंय. सुटलेला पत्रा तलवारीसारखा येतो.

5. वीज. पावसाआधी अर्थिंग तपासून घ्या. पत्र्याच्या घरात उघडी वायर म्हणजे मरण आहे. ईएलसीबी बसवा, पैसे बघू नका.

6. पाणी. 1000 चौरस फुटांचं छप्पर म्हणजे 93 चौरस मीटर. हंगामात 2000 मिलिमीटर पाऊस धरा, आपल्याकडं बहुतेक वर्षी त्याहून जास्तच होतो. वीस टक्के वाया गेलं तरी दीड लाख लिटर पाणी एका छपरावरून जातं. पहिल्या दोन-तीन पावसांचं घाण पाणी सोडून द्या, नंतरचं गाळून विहिरीत उतरवा. तानसा, मोडकसागर, भातसा हे सगळे आपल्या जिल्ह्याच्या उशाला. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. त्यावर भांडलंच पाहिजे. पण स्वतःच्या छपरावरचं पाणी नाल्याला घालवून नुसतं भांडायचं, हे पण बरं नाही.

माझ्याशी वाद घालणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, माकडं. खरं आहे, जंगल तुटलं आणि माकडं कौलांवर आली. पण म्हणून सगळं घर पाडायचं नसतं. ज्या बाजूनं झाड टेकलंय तिथल्या फांद्या छाटा, तेवढ्याच पाखीवर जाळी मारा, आणि फळं उघड्यावर वाळत घालू नका. दुसरी, कौलं चाळणारा गडी मिळत नाही. हे पण खरं. पण मिळत नाही कारण आपण त्याला सेंटरिंगवाल्याच्या निम्मी मजुरी देतो आणि वर घासाघीस करतो. चांगली मजुरी द्या, गावातलीच दोन पोरं शिकतील. हळदीच्या एका रात्री डीजेवर जो पैसा उडतो त्यात आख्ख्या आळीची कौलं चाळून होतील. तिसरी गोष्ट बायका सांगतात, की सारवण करून कंबर मोडते. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. जुनं घर राखायचं म्हणजे बाईला शेणात बसवायचं असं नाही. आत लादी बसवा, न्हाणीघर-संडास पक्का करा, स्वयंपाकघराला उजेड आणि नळ द्या. छप्पर जुनं ठेवून घरात या सगळ्या सोयी होतात.

राहता राहिली सरकारकडं मागणी. पत्रकं काढून काही होत नाही, ग्रामसभेत ठराव घ्या. 26 जानेवारीच्या सभेतच घ्या, कारण 1 मे च्या सभेपर्यंत पाऊस दारात असतो. ठरावात दोन गोष्टी मागा. घरकुलाच्या अनुदानात दुरुस्तीचा पर्याय ठेवा. ज्याचं जोतं आणि भिंती धड आहेत त्याला छप्पर बदलायला पैसे द्या, एका नव्या घराच्या पैशात तीन-चार जुनी घरं उभी राहतील. आणि हातकौलाला, मातीच्या भिंतीला सरसकट कच्चं म्हणणं बंद करा. घर येऊन बघा, मग शिक्का मारा.

आणि ज्यांच्याकडं मोबदल्याचा पैसा आलाय त्यांना हात जोडून सांगतो. जमीन एकदाच विकली जाते. त्या पैशाचा नुसता स्लॅब करून टाकू नका. आधी आहे ते घर वर चढून बघा, सुताराला दाखवा, खर्च मांडा. एवढं करून पाडायचंच ठरलं तर पाडा, मी नाही म्हणणार नाही. पण ठेकेदाराच्या सांगण्यावरून पाडू नका.

या वर्षी एप्रिलच्या आत एकदा तरी शिडी लावा.