घराचीं चित्रें घराजवळ यावींत

चित्रप्रदर्शन म्हटलें कीं मुंबईस अथवा पुण्यास जावयाचें, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. बोरघाटांतून १८६३ पासून आगगाडी धांवत आहे. तिच्या दोन्ही टोंकांस कलादालनें आहेत, मधल्या मावळास मात्र चित्रदर्शन दुर्लभ.

परंतु चित्रेंहि प्रवास करूं शकतात. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांनीं अनेक वर्षें क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलें आणि सामान्य माणसें, त्यांच्या वस्त्या व खोल्या रंगविल्या. त्यांच्याच पुढाकारानें २००८-०९ मध्यें अनेक चित्रकारांच्या कृतींचें एक प्रदर्शन महाराष्ट्रांतील शहरांतून फिरलें. तसें प्रदर्शन लोणावळ्यासहि यावें, आणि त्यांत घराच्या अंतर्भागाचीं चित्रें अवश्य असावींत, असें आमचें मत आहे.

कोणी पालक म्हणतील, “नव्या चित्रकारांचे रंग भडक, त्यांपासून मुलांनीं काय शिकावें?” फ्रेंच चित्रकार आंरी मातिस याचें १९०८ सालचें एक चित्र पाहावें. विषय साधाच: एक स्त्री मेजावर फळें मांडीत आहे. पण मेजावरील वस्त्र व मागील भिंत एकाच लाल रंगाचीं, आणि दोहोंवर तीच निळी वेलबुट्टी! हें चित्र प्रथम निळसर होतें; समाधान न झाल्यामुळें त्यानें तें लाल केलें. असा रंग विचाराअंतीं निवडलेला असतो, हें मुलांस कळणें थोडें नव्हे.

घर हा विषय क्षुद्र आहे, असेंहि मानूं नये. आपल्या भाजें येथील कारागिरांनीं दोन सहस्र वर्षांपूर्वीं पाषाण कोरला तो लाकडी वास्तूंच्याच वाशा-सज्जांच्या घाटानें.

आमचे विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठीं मेहनत घेतात. परंतु मनांतलें चित्र काढावयास सांगितलें, कीं दोन डोंगर, मधून सूर्य व खालीं झोंपडें! निळीनें रंगविलेली भिंत, डब्यांची ओळ, पावसाळ्यांत घरांतच दोरीवर वाळणारे रंगीबेरंगी कपडे, हीं कागदावर येत नाहींत. आपलें घर चित्रांत येण्याजोगें नाहीं, असें मुलांस वाटावें, हीच आमच्या मतें खरी हानि होय.

पालकांस विनंति इतकीच, कीं असें प्रदर्शन जवळपास आल्यास मुलांस घेऊन जावें. चित्रें समजलीं नाहींत म्हणून संकोचूं नये. घरीं परतल्यावर मात्र विचारावें, “आपलें स्वैंपाकघर तूं कोणत्या रंगांत काढशील?”