रशियाचें आरमार आणि आम्ही वऱ्हाडकर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर. तेव्हां रशियाच्या आरमाराचें पुढें काय होणार, याची उठाठेव आम्हीं कां करावी, असें एखादे पालक सहज विचारतील. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, 1861 सालीं अमेरिकेंतील यादवी युद्धांत उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि त्यामुळें वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें. 1865 सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले. परक्या समुद्रावरील जहाजांनीं आमच्या काळ्या मातीचें दैव दोनदां फिरविलें.

आतां रशियाकडे वळूं. या देशास किनारा अफाट, परंतु मोकळीं दारें थोडीं. उत्तरेस बर्फ, बाल्टिक व काळा समुद्र यांचीं मुखें परक्यांच्या हातीं. 1904 सालीं बाल्टिकमधून निघालेल्या आरमाराचा मोठा भाग आफ्रिकेस वळसा घालून, महिनेच्या महिने प्रवास करून जपानजवळ पोंचला, आणि मे 1905 मध्यें सुशिमाच्या लढाईंत दोन दिवसांत त्याचा धुव्वा उडाला. 2022 सालींही तेंच. काळ्या समुद्रांत ‘मोस्क्वा’ हें प्रमुख जहाज बुडालें, आणि तुर्कस्थाननें सामुद्रधुनी बंद केल्यामुळें त्याच्या जागीं दुसरें आणतां येईना.

तथापि आमच्या मतें खरें दुखणें भूगोलाचें नव्हे, गोदीचें आहे. सोव्हिएट काळांतील विमानवाहू जहाजें मिकोलाइव्ह येथें बांधलीं जात. 1991 सालीं तें शहर युक्रेनकडे राहिलें. तेव्हांपासून रशियानें असें एकही नवें जहाज पाण्यांत लोटलेलें नाहीं. उरलेल्या एकाची दुरुस्ती चालली असतां 2018 सालीं त्याची तरंगती गोदीच बुडाली! पाणबुड्यांच्या बळावर हें राष्ट्र दीर्घकाळ भयप्रद राहील. पण दूरच्या समुद्रांवर संचार करणारें मोठें आरमार तें पुन्हां उभारील, असें आम्हांस वाटत नाहीं.

मिकोलाइव्हचेंच एक जहाज आज मराठी मुलुखाच्या सीमेवर, कारवारास असतें. तें आपलें ‘विक्रमादित्य’. 2004 सालीं करार झाला. 2008 सालीं यावयाचें तें 2013 सालीं हातीं आलें. दुसऱ्याच्या गोदीवर विसंबणाऱ्यास वाट पाहावी लागते. 2022 सालीं कोचीस स्वदेशीं बांधलेलें ‘विक्रांत’ दाखल झालें, त्याच दिवशीं नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति आली. आम्हांस याचा आनंदच आहे. परंतु त्या आरमाराचा कणा कोणीं मोडला, हेंही मुलांस सांगावें. फेब्रुवारी 1756 मध्यें विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें इंग्रजांनीं जाळलीं, आणि त्या स्वारींत इंग्रजांचे साथीदार होते खुद्द पेशवे.

विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें खडकांत कोरलेली मराठी आरमाराची गोदी अद्याप पाहावयास मिळते. सहलीस वेरूळ पुष्कळदां झालें. यंदा मुलांस तिकडे न्यावें, अशी शिक्षकांस आमची विनंती आहे.