टेबलावर न मावणारी तोफ



मागच्या खेपेस आम्ही गुडघेदुखीवर लिहिले होते. ते वाचून एका भगिनीने फोन केला, "बाई, दुखण्याखुपण्याचं पुरे झालं. आता जरा पोरांसाठी काहीतरी लिहा." आज्ञा शिरसावंद्य! तेव्हा आजचा विषय खेळाचा. पण खेळ आहे तोफांचा, त्यामुळे नर्सबाई त्यात कुठे ना कुठे डोकावणारच, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा धाकटा नातू सोळा वर्षांचा आहे. शब्बाथच्या दुपारी त्याचे तीन मित्र येतात आणि आमचे जेवणाचे टेबल ताब्यात घेतात. हिरवी चादर पसरतात, तिच्याखाली पुस्तके सरकवून डोंगर करतात आणि त्यावर अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई मांडतात. प्रत्येक शिपायाचा गणवेश इतिहासात होता तसाच रंगवलेला. मग फुटपट्टी आणि फासे घेऊन जुन्या लढाया पुन्हा लढतात. आपल्याकडे दिवाळीला शेजारची मुले मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडत, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याचाच हा थोरला भाऊ समजा. फरक एवढाच की, इथे हरणे-जिंकणे नियमांनी ठरते.

गेल्या वाढदिवसाला त्याने आमच्याकडे एक तोफ मागितली. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची साडेपाच इंची तोफ. एअरफिक्स कंपनीचा जुना संच कोणाकडून तरी मिळाला, ओढायला मॅटाडोर नावाचा ट्रकसुद्धा त्यातच. तुकडे इतके बारीक की आमची ड्रेसिंगची जुनी चिमटी कामाला आली. (बालवाचकांनो, असला गोंद लावताना खिडकी उघडी ठेवावी. वासाने डोके दुखते.) रंगबिंग देऊन तोफ तयार झाली, फारच देखणी!

पहिल्या दिवशी ती थाटात टेबलाच्या कोपऱ्यात उभी राहिली. पण दुसऱ्या शब्बाथला पाहतो तर तोफ फ्रिजवर! आम्ही म्हटले, "अरे, एवढे पैसे मोजून आणली ती फ्रिजवर ठेवायला?"

तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, ती टेबलावर असली तर खोटं होतं. ती खूप लांब पाहिजे."

मग त्याने आम्हांस हिशेब समजावला. ही खेळणी खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढी असतात. खऱ्या तोफेचा गोळा १०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५ किलो, आमच्या वजनाहून थोडाच कमी. तो जाई १६,२०० यार्ड, म्हणजे नऊ मैलांच्या वर. त्याला शहात्तराने भागा, तरी उरतात सुमारे १९५ मीटर. आमचे टेबल दोन मीटरसुद्धा नाही! आम्ही खाली उतरून पावले मोजली. आमची तीनशे पावले झाली तेव्हा आम्ही भाजीवाल्याच्या दारात उभे होतो. म्हणजे माप सांभाळायचे तर लढाई आमच्या टेबलावर आणि तोफ भाजीवाल्याच्या कांद्यांत!

खेळणारे यातून दोन वाटा काढतात. एक वाट म्हणजे शिपाई मोठे ठेवायचे, पण जमिनीचे माप लहान धरायचे. टेबलावरची एक वीत म्हणजे अर्धा मैल, असे काहीतरी. दुसरी वाट अशी की, जड तोफ टेबलाबाहेर आहे असे समजायचे. टेबलावर फक्त तिचा डोळा राहतो, म्हणजे दुर्बीण आणि वायरलेस घेतलेला एक निरीक्षक. आमच्या पोरांनी ही दुसरी वाट धरली आहे. निरीक्षकाला शत्रू दिसला पाहिजे. मग फासा टाकून निरोप पोहोचला की नाही ते ठरते. गोळा पुढच्या डावाला पडतो, तोही सांगितल्या जागी पडेलच असे नाही. किती आणि कुठे चुकला तेही फासाच सांगतो. पडला तिथे एक पारदर्शक चकती ठेवतात, तिच्याखाली येतील त्या सगळ्यांवर संकट. आणि निरीक्षकच मेला, तर एवढी मोठी तोफ मुकी होते.

बालवाचकांनो, एक गंमत सांगतो. गोलंदाज म्हटले की तुम्हांला क्रिकेट आठवते. पण हा शब्द मुळात तोफ डागणाऱ्याचा. क्रिकेटच्या गोलंदाजाला समोरचा फलंदाज दिसतो, तोफेच्या गोलंदाजाला मात्र पुष्कळदा कोणीच दिसत नाही. मुरुडकडची मंडळी जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ बघून आली असतील. तिच्या तोंडासमोर उघडा समुद्र, शत्रूचे गलबत डोळ्यांसमोर. पुढे तोफांचा पल्ला वाढला आणि शत्रू डोंगराच्या पलीकडे गेला.

आता थोडा इतिहास. हा खेळ प्रथम शिकला तो लष्कराने. प्रशियात राइसवित्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे यांवर लढाईचा खेळ छापला. तो स्वतः तोफखान्यातलाच. घराघरांत हा खेळ नेला तो इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक काढले. मुखपृष्ठावर बारा वर्षांच्या मुलापासून दीडशे वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांना आमंत्रण होते, आणि हुशार मुलींनाही. म्हणजे आम्ही दोन्हींकडून बसतो!

वेल्स यांच्या खेळाचा जन्मही तोफेतूनच झाला. घरी जेवायला आलेल्या एका स्नेह्याने खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने शिपाई पाडायला सुरुवात केली, आणि थोरांनाही चटक लागली. ती तोफ म्हणजे ४.७ इंची म्हणून ओळखली जाणारी आरमारी तोफ, लहान केलेली. ती इंचभर लांब लाकडी गोळा फेकी आणि नऊ यार्डांवरचा शिपाई दहांतून नऊदा पाडी, असे वेल्स लिहितात. तोफ फार भारी पडू नये म्हणून त्यांनी नियम केला. सहा इंचांच्या आत आपली चार माणसे असल्याशिवाय तोफ चालायची नाही, आणि एका डावात एक तर ती हलवायची, नाहीतर डागायची. पुस्तकाच्या शेवटी त्यांचे म्हणणे असे की, खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध बरे, इथे कोणाचे काही मोडत नाही. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले.

आणि ती ४.७ इंची तोफ खऱ्यात काय करी? बोअर युद्धात, १८९९ साली, ब्रिटिशांनी या जहाजावरच्या तोफा जमिनीवर उतरवून लेडीस्मिथला नेल्या. कोलेन्सोच्या लढाईतही त्या होत्या. तिचा पल्ला सुमारे १०,००० यार्ड. वेल्स यांचे नऊ यार्ड शिपायांच्या मापाने वाढवले तर तीनशे यार्डसुद्धा भरत नाहीत. म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यात तोफेचा दरारा आला, पल्ला आलाच नाही.

त्याच युद्धात गांधीजींनी नाताळमधल्या हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभारले होते, सुमारे १,१०० माणसांचे. कोलेन्सो आणि स्पिऑन कॉप इथल्या जखमींना डोलीत घालून ही माणसे मैलोगणती चालत. दिवसाला वीस-पंचवीस मैलसुद्धा. तोफेचे मॉडेल दुकानात मिळते. डोली वाहणारे आम्ही अजून कोणत्या टेबलावर पाहिले नाहीत.

हे आमच्या मनात का आले, ते सांगतो. ऑक्टोबर १९७३च्या युद्धात आम्ही एकवीस वर्षांच्या शिकाऊ नर्स होतो. हिब्रू अजून जिभेवर नीट बसली नव्हती. वॉर्डात मुले आली, आमच्याच वयाची. पुष्कळांना गोळी लागलेली नव्हती, तोफगोळ्याचे तुकडे लागले होते. एकाला आम्ही वेड्यासारखे विचारले, "मारणारा दिसला का?" तो म्हणाला, "कोणीच नव्हतं. वाळू उडाली फक्त." तो वाक्य संपवून छताकडे बघत राहिला. पन्नास वर्षे होऊन गेली, ते छत अजून आठवते.

म्हणून आम्ही पोरांना एक नियम सुचवला. ज्याची तोफ गोळा टाकेल, त्याने स्वतः उठून टेबलापाशी यायचे, पडलेले शिपाई आपल्या हाताने उचलायचे आणि पांढऱ्या रुमालावर ठेवायचे. आणि दर जखमीमागे दोन धडधाकट शिपाई डोलीसाठी लढाईतून काढायचे.

पोरे आधी हसली, मग तयार झाली. दोन शब्बाथ नियम पाळला. तिसऱ्याला एकजण म्हणाला, "सावता, खेळ संपतच नाही. निम्मं सैन्य डोली वाहण्यात जातं!" आम्ही म्हटले, "बाळा, आता तुला समजलं." तरी नियम रद्द झाला. पोरेच ती.

पण आमचा नातू आपल्या बाजूपुरता तो अजून पाळतो. त्यामुळे हल्ली जास्त वेळा हरतो. पुढच्या वर्षी त्याच्या सैन्याच्या चाचण्या सुरू होतील. कोणत्या तुकडीत जाणार ते आम्ही विचारलेले नाही. तोफ मात्र फ्रिजवरच आहे. रोज सकाळी दूध काढताना तिच्यावरची धूळ आम्ही पुसतो.

बालवाचकांनो, खेळा, खुशाल खेळा. फक्त चकतीखाली कोण आले, ते वाकून बघत जा.

असो. पुढच्या अंकात पुन्हा गुडघे!