बसतंय की!

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. ज्यांच्याशी भांडण आहे त्यातले निम्मे नात्यातलेच आहेत आणि हा ब्लॉग वाचतात, हे ठाऊक असूनही लिहितोय.

विषय काय, तर ग्रब स्क्रू. हसू नका. कुणी सेट स्क्रू म्हणतं. बिनडोक्याचा स्क्रू, पण काम डोक्याचं. पुलीच्या बाजूच्या भोकात तो पूर्ण आत जातो, ऍलन कीने पिळला की त्याचं टोक शाफ्टवर दाबून बसतं आणि पुली जागची हलत नाही. बस्स, एवढंच काम.

तर झालं असं, की मागच्या महिन्यात काकांच्या कोल्हापूरच्या कारखान्यात गोल करवत चालू असताना मोटरची पुली शाफ्टवर सरकली. पट्टा उडाला, आणि खाचेतली चौकोनी चावी सुटून समोरच्या पत्र्यावर अशी आदळली की पत्र्याला खळगा पडला. त्याच पत्र्यापाशी रोज चार वाजता पोरं चहाचे ग्लास घेऊन उभी असतात. तेव्हा साडेतीन वाजले होते.

मी तिथेच होतो. ऍलन की घालून पाहिलं, तर स्क्रू गच्च! काका म्हणाले, "बघ, स्क्रूचा काही दोष नाही." मोठ्या मिनतवारीने काढला तेव्हा कळलं. मशीन जुनं, इंची मापाचं. भोक ५/१६ इंची, म्हणजे बाजाराच्या भाषेत अडीच सूत, इंचाला १८ आटे. आणि त्यात कुणीतरी घातला होता एम ८. व्यास जवळपास सारखाच, ७.९४ मिलिमीटर आणि ८. पण इंची आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर, आणि एम ८ चं १.२५. म्हणजे दोन-तीन वेढे सुरळीत जातात, मग आटे एकमेकांना चावायला लागतात. आपण जोर लावतो, हाताला वाटतं, वा, काय टाइट बसला! प्रत्यक्षात टोक शाफ्टपर्यंत पोचलेलंच नव्हतं. शाफ्टवर त्याची साधी खूणसुद्धा नव्हती.

मिस्त्रींना विचारलं तर उत्तर तयार, "दादा, बसतंय की!"

माझं भांडण आहे ते या दोन शब्दांशी. बसणं आणि बरोबर बसणं यात फरक आहे, हे आपल्याला पटतच नाही. दुकानदार नमुना हातात घेऊन डोळ्यानेच सांगतो, "हेच आहे." आपण 'अडीच सूत' मागतो आणि तो एम ८ देतो. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, पण आपल्या तोंडातून सूत गेलं नाही आणि जुन्या मशीनमधून इंच गेला नाही. त्यात मशीनवाले पार्ट्सच्या यादीत नुसतं 'सेट स्क्रू' आणि पुढे स्वतःचा नंबर छापतात. आटा कुठला, लांबी किती, टोक कसलं, काही नाही. एक ओळ जास्त छापली असती तर काय शाई संपली असती?

बरं, योग्य स्क्रू शोधणं एवढं अवघड आहे का? तर नाही. नमुना रॉकेलने स्वच्छ करा. झिजलेल्या स्क्रूवर कॅलिपरचा भरवसा नाही, तेव्हा पिच गेज लावा. तोही नसेल तर माहितीतला एक एम ८ बोल्ट आणि एक ५/१६ इंची बोल्ट जवळ ठेवा, स्क्रूचे आटे त्यांच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरा. ज्यात फट दिसत नाही तो खरा. नवा स्क्रू भोकात नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. ऍलन की घ्यायची ती शेवटच्या आवळणीला.

मग लांबी. स्क्रू पुलीच्या वर डोकावता कामा नये. पूर्वी चौकोनी डोक्याचे सेट स्क्रू फिरत्या शाफ्टवर असायचे आणि कामगारांचे कपडे त्यात अडकायचे. अमेरिकेत ऍलन कंपनीने १९१० च्या सुमारास बिनडोक्याचा, षटकोनी खाचेचा स्क्रू विकायला काढला तो 'सेफ्टी सेट स्क्रू' म्हणूनच. ज्या ऍलन कीने आपण सोफासेट जोडतो ती या अडकलेल्या बाह्यांमुळे घरोघर आली.

मग टोक. वाटीसारखं टोक शाफ्टमध्ये रुततं, पुलीला तेच हवं. जिथे वारंवार सैल करून सरकवायचं असतं तिथे सपाट टोक, नाहीतर शाफ्टवर ओरखडे. निमुळतं टोक असेल तर त्याच्यासाठी शाफ्टवर खळगा पाडलेला असतो. आणि शेवटी पोलाद. ग्रब स्क्रू कडक केलेला असतो, ४५एच या प्रतीचा. साधा बोल्ट हॅकसॉने कापून त्याला खाच पाडली की त्याचं टोक चपटं होतं, शाफ्टमध्ये रुतत नाही. हो, हेही आपल्याकडे झालेलं आहे. कुणी केलं ते लिहीत नाही, जेवायला त्यांच्याकडेच जायचंय.

यावर काकांचं म्हणणं, "अरे, एक साइझ मोठा टॅप मारायचा, संपलं." आटे खरोखर गेले असतील तर मान्य, दुसरा इलाज नसतो. पण भोक चांगलं असताना केवळ बाजारात जायचा कंटाळा म्हणून टॅप मारणं म्हणजे पुढच्या माणसासाठी खड्डा खणून ठेवणं. मारलाच तर निदान मशीनवर रंगाने नवं माप लिहा.

आणि कृपा करून 'गरिबाचं इंजिनिअरिंग' म्हणून जुगाडाचं कौतुक मला ऐकवू नका. पत्र्यासमोर चहा पीत कोण उभं असतं? जुगाडाचं कौतुक करणारा नक्कीच नाही.

असो. काकांनी दुसऱ्या दिवशी इंची स्क्रू आणवले. दोन. एक आवळला, त्यावर दुसरा, म्हणजे थरथरीने पहिला सैल व्हायला नको. मिस्त्रींनी बोटांनीच आत फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हां, आता बसला."

चहाची जागा मात्र मी बदलायला लावलीय.