विश्लेषण : लिफ्टमध्ये कुत्रा आणि ‘तो काही करत नाही’... कायदा काय म्हणतो?

सकाळची शाळेची वेळ. लिफ्टचे दार उघडते. आत पट्टा हातात धरलेला मालक आणि त्याचा लॅब्रेडोर, बाहेर दप्तर पाठीला लावलेले मूल. मूल दोन पावले मागे सरकते. मालक हसून म्हणतो, ‘घाबरू नको, तो काही करत नाही.’ शहरातल्या सोसायट्यांत हा प्रसंग रोजचाच. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण झाले तर काय, हे वरळीतील एका प्रकरणाच्या मे २०२५ मधील निकालाने दाखवून दिले.

वरळीत काय घडले होते?

फेब्रुवारी २०१८ मध्ये एक रहिवासी आपल्या दीड वर्षांच्या मुलाला घेऊन लिफ्टने खाली येत होता. वाटेत शेजारी हस्की जातीच्या कुत्र्यासह लिफ्टमध्ये येऊ लागला. मूल कुत्र्याला घाबरते, जरा थांबा, अशी विनंती रहिवाशाने केली. ती न जुमानता शेजाऱ्याने कुत्र्याला आत ओढले आणि कुत्रा रहिवाशाच्या हाताला चावला. सात वर्षांनी न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. कुत्र्याला ओढत नेल्याचीही दखल न्यायालयाने घेतली. म्हणजे त्या दिवशी लिफ्टमध्ये जायला कुत्राही राजी नव्हता.

मग सोसायटी कुत्र्यांना लिफ्टबंदी करू शकते का?

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार बहुमताने ठराव झाला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरू न देणे किंवा त्यासाठी वेगळे पैसे आकारणे हेही चालत नाही. अनेक कमिट्यांना हे माहीत नसते, काहींना माहीत असूनही सूचना फलकावर बंदीचा कागद लागतोच. मात्र याच सूचनांत मालकांनाही सांगितले आहे, की सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याला बांधलेला असावा आणि त्याने केलेली घाण उचलावी. श्वानप्रेमी सूचनांचा पहिला भाग तोंडपाठ म्हणून दाखवतात. दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो.

कुत्रा चावला तरच गुन्हा होतो?

असा समज आहे, पण तो चुकीचा. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ निष्काळजीपणावर बोट ठेवते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या कायद्यात ही तरतूद कलम २८९ मध्ये होती आणि दंड होता एक हजार रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे गाजलेला भटक्या कुत्र्यांचा वाद याहून वेगळा. सोसायटीच्या बैठकीत दोन्हींची सरमिसळ होते आणि मूळ तक्रार बाजूला राहते.

अडचण लिफ्टमध्येच का येते?

‘तो काही करत नाही’ हा मालकाचा अनुभव घरातला असतो. तिथे कुत्र्याला नको असेल तर तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. लिफ्टमध्ये मागे भिंत, पुढे अनोळखी माणूस आणि दार अचानक उघडणारे. कान मागे घेणे, अंग ताठरणे, सारखे ओठ चाटणे ही कुत्र्याच्या अस्वस्थतेची लक्षणे आहेत. ती दिसली तर ती लिफ्ट सोडून द्यावी. एरवी पट्टा आखूड धरून कुत्र्याला कोपऱ्यात घ्यावे आणि आपण मध्ये उभे राहावे. लांब सुटणारा पट्टा लिफ्टमध्ये कुत्र्याच्याच जिवावर बेतू शकतो, कारण तो दारात अडकतो. आणि आधीच कोणी आत असेल तर शिरण्यापूर्वी ‘येऊ का?’ एवढे विचारायला वेळ लागत नाही.

चावा घेतलाच तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखमीला लस द्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतात. मालकाने अशा वेळी कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड लगेच दाखवावे. भांडण नंतरही करता येते.